यंत्राच्या पोटातले मजूर

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी कामगार संघटनांच्या बैठकांत जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : या यंत्रामुळे किती नोकऱ्या जाणार? प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची धास्तीही खोटी नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. यंत्र आले की माणूस गेला, म्हणजे खुद्द यंत्रात माणूस नाही, हे ते गृहीत. वस्तुस्थिती तशी नाही. या यंत्राच्या पोटात आज असंख्य माणसे राबत आहेत. मात्र ते यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या हजेरीपटावर त्यांतील बहुतेकांची नावे नाहीत.

१७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र सादर केले. तुर्की पोशाखातील एक बाहुला पटावरची मोहरी हलवी आणि भल्याभल्यांना हरवी. बाहुल्याखालच्या पेटीत एक निष्णात खेळाडू अंग चोरून बसलेला असे. २००५ साली ॲमेझॉन कंपनीने संगणकाला न जमणारी किरकोळ कामे तुकड्या-तुकड्यांनी माणसांकडून करून घेण्याचा बाजार इंटरनेटवर उघडला आणि त्याला नाव दिले ‘मेकॅनिकल टर्क’. चलाखीचे नावच दुकानाच्या पाटीवर लावण्याइतका प्रामाणिकपणा भांडवलशाहीत क्वचितच आढळतो!

यंत्राला चित्रे ओळखावयास शिकविण्याच्या शास्त्रात ज्या ‘इमेजनेट’ नावाच्या संग्रहाने क्रांती केली, तो २००९ साली जाहीर झाला. त्यातील १ कोटी ४० लाखांवर चित्रांना ‘हे मांजर’, ‘ही सायकल’ अशी नावे लावण्याचे काम याच बाजारातील मजुरांनी केले. ते सुमारे ४९ हजार होते आणि १६७ देशांत विखुरलेले होते. माणसाशी संभाषण करणाऱ्या यंत्रांचे काम याहून नाजूक. यंत्राने दिलेल्या दोन उत्तरांपैकी कोणते बरे, कोणते चुकीचे, कोणते घातक, याचा निवाडा माणूस करतो आणि अशा अगणित निवाड्यांतून यंत्र ‘समजूतदार’ होते. बाजारात यंत्राचे म्हणून जे तारतम्य विकले जाते, त्याचा मोठा हिस्सा असा माणसाकडून घेतलेला असतो.

हा माल कोणत्या भावाने घेतला जातो, ते ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणले. चॅटजीपीटीच्या यंत्रणेला अभद्र मजकूर ओळखता यावा म्हणून ओपनएआय कंपनीने २०२१ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथील सामा या कंपनीशी करार केले. सामाने ते काम नैरोबीतील तरुण कामगारांवर सोपविले. बालकांवरील लैंगिक अत्याचार, खून, आत्महत्या, छळ यांची वर्णने दिवसभर वाचावयाची आणि त्यांची वर्गवारी करावयाची, असे ते काम. करारातील दर ताशी साडेबारा डॉलर. कामगाराच्या हाती पडत होते ताशी सुमारे १.३२ ते २ डॉलर. मधल्या फरकात इतर खर्चही आहेत, असे सामाचे म्हणणे. असतीलही. समुपदेशनाची सोय होती असे कंपनी म्हणते, ती पुरेशी नव्हती असे कामगार म्हणतात. सामाने हे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये मुदतीपूर्वीच सोडले. १ मे २०२३ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, असा मजकूर चाळण्याचे काम करणाऱ्या दीडशेहून अधिक कामगारांनी नैरोबीत एकत्र येऊन संघटना स्थापण्याचा निर्णय केला.

ही मजुरी इतकी स्वस्त का? कामाला कौशल्य लागत नाही म्हणून, असे उत्तर दिले जाते. ते फसवे आहे. चार्ल्स बॅबेज याने १८३२ च्या आपल्या ग्रंथात क्रांतिकालीन फ्रान्समधील लॉगरिदमच्या कोष्टकांची हकीगत दिली आहे. वरच्या थरात मोजके गणिती, मधल्या थरात काही जाणकार आणि तळाशी साठ ते ऐंशी आकडेमोडे. या शेवटच्यांपैकी बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित येत नव्हते. कामाचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्यापुरतेच कौशल्य मालकाला विकत घेता येते, हे बॅबेजचे सूत्र. काम मुळात हलके असते असे नव्हे. ते फोडल्याने हलके ठरते. आज तळाचा थर नैरोबीत आणि वरचा कॅलिफोर्नियात आहे, एवढेच. शिवाय आणखी एक फरक. हमालाने आज वाहिलेले पोते उद्या पुन्हा वाहावे लागते. येथे निवाड्याची मजुरी एकदाच द्यावयाची आणि त्यावर पोसलेले यंत्र मात्र वर्षानुवर्षे विकावयाचे. कालचे श्रम आजचे भांडवल होतात, ही जुनीच गोष्ट. इतक्या उघडपणे ती क्वचितच घडली असेल.

सोलापूर, सिन्नर किंवा निपाणीच्या बिडी कामगार स्त्रियांना या व्यवहारातील एक गोष्ट मुळीच नवी वाटणार नाही. घरी बसून वळलेल्या बिड्या कारखान्यात नेल्या की त्यांतील काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढावयाच्या आणि त्यांची मजुरी कापावयाची, ही छाटीची रीत. मेकॅनिकल टर्कवरही काम देणाऱ्याला ते नापसंत करून मजुरी नाकारता येते आणि केलेले काम त्याच्याकडे राहते. बिडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने छाटीच्या तंट्याचा निवाडा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून व्हावा, अशी तरतूद तरी केली होती. इंटरनेटवरच्या मजुराला दाद मागावयास तेवढाही दरवाजा नाही.

रोजगार तर मिळतो ना, हा आक्षेप ठरलेला. गरजू माणसाने तो घ्यावा यात गैर काही नाही. मात्र हीच मजुरी परवडते, हा दावा टिकत नाही. बंगलोरची ‘कार्या’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था अशाच कामाला ताशी सुमारे पाच डॉलर देते आणि ती सामग्री पुन्हा विकली गेल्यास कामगाराला त्यातील वाटा मिळण्याची तजवीज करते. तेव्हा अडचण तंत्राची नाही. पण एका संस्थेचा सद्भाव म्हणजे कामगाराचा हक्क नव्हे.

हक्काचा रस्ता महाराष्ट्राने पूर्वीच पाहिला आहे. माथाडी हमालाला एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची नोंदणी, मालकाने मजुरी व तीवरील लेव्ही त्रिपक्षीय मंडळाकडे भरावयाची, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार पाहावयाचे. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत आणि त्या सगळ्याच मालकधार्जिण्या नाहीत. तरीही मालक अनेक असले म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, हा युक्तिवाद त्या कायद्याने मोडून काढला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हा शब्द आला, कल्याण निधीही आला. किमान वेतनाची हमी आली नाही.

अर्थात माल मशीद बंदरातच उतरवावा लागे, म्हणून माथाडींना जोर होता. संगणकावरचे काम एका रात्रीत देश बदलू शकते. मार्च २०२४ मध्ये ‘रिमोटास्क्स’ या मंचाने केनियातील काम बंद केले, तेव्हा तेथील कामगारांच्या हाती काहीच उरले नाही. परंतु भाषेच्या कामाला हे लागू नाही. मराठी बोलणे केनियात ध्वनिमुद्रित करता येत नाही; वऱ्हाडी आणि अहिराणी तर त्या-त्या मुलुखातच मिळणार. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण व शहरी गरीब आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे गोळा करण्यात आले. गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे ठरले.

अशा सामग्रीचे एक मोठे गिऱ्हाईक खुद्द सरकार आहे. २०२२ पासून ‘भाषिणी’ चालू आहे; मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेला १०,३०० कोटी रुपयांवर मंजुरी दिली. या पैशातून निघणाऱ्या प्रत्येक कंत्राटात ताशी किमान दर, नापसंतीचे लेखी कारण व त्यावर दाद, आणि ठेकेदाराने बुडविलेल्या मजुरीची मूळ काम देणाऱ्यावर जबाबदारी, ही तीन कलमे असावीत, अशी मागणी संघटनांनी निविदा निघण्यापूर्वी नोंदविली पाहिजे. त्यासाठी हे काम कोणत्या गावांत, कोणत्या ठेकेदारामार्फत आणि कोणत्या दराने चालते, याची यादी आधी तयार करावी लागेल. ती जिल्हा शाखाच करू शकतात.