काढण्यापूर्वी ऐकून घ्या

वार्षिक परीक्षांचे निकाल लागले की काही शाळांच्या कचेऱ्यांपुढे पालकांची एक निराळीच रांग दिसू लागते. ही रांग प्रवेशासाठी नसते. ‘मुलाचा दाखला घेऊन जा’ असा निरोप ज्यांना आलेला असतो, अशा आईबापांची ती असते. मुलगा बहुधा नववीतला असतो. कोणाचे गणित कच्चे, कोणाची हजेरी अपुरी, कोणी वर्गात दांडगाई केलेली. कागद पुढे केला जातो, पालक मुकाट्याने सही करतात, आणि दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे शब्द उमटतात. विनंती वस्तुतः कोणी कोणास केली, हे मात्र त्या रकान्यावरून कधीच कळत नाही.

हे नववीतच का घडावे? याचे उत्तर कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सोळावे कलम प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत, फेरपरीक्षेची संधी देऊन, मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस दिली. परंतु काढून टाकण्याची मनाई तिनेही कायम ठेवली. मात्र हे छत्र सहा ते चौदा वर्षांच्या वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीत मुलगा तोच, शाळा तीच, बाकही तेच. पण डोक्यावरचे छत्र गेलेले! त्यातच पुढे दहावीचा निकाल उभा असतो. ज्या शाळेला फाटकावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक झळकवावयाचा असतो, ती कच्च्या मुलास दाखला देते किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा ‘सल्ला’ देते. निकाल शंभर टक्के लागतो खरा. परंतु तो ज्यांच्यामुळे नव्वद टक्के लागला असता, त्यांची वजाबाकी आधीच झालेली असते.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. आम्हीही काही वर्षे फळ्यापुढे उभे राहून काढली आहेत. भरगच्च वर्गात दोन व्रात्य मुले अठ्ठावन्न मुलांचा तास कसा बुडवितात, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. शाळेत शिस्त हवीच. परंतु शिस्त लावणे वेगळे आणि हद्दपार करणे वेगळे. शिक्षेनंतर मूल वर्गात परत येते. हद्दपारीनंतर ते कोठे जाते, याची चौकशी कोणीही करीत नाही. मुलगा गॅरेजात किंवा हॉटेलात कामास लागतो. मुलीचा दाखला घरी आला की तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हावयास वेळ लागत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९८५ साली केरळात तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायिल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. धर्मश्रद्धेमुळे गात मात्र नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे काही विद्यार्थ्यांना त्यांचे म्हणणे न ऐकताच शाळेत येण्यास बंदी करण्यात आली होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निर्णय दिला की, दहा दिवसांपर्यंतची अशी शिक्षा देतानाही आरोप काय आहे हे विद्यार्थ्यास सांगावयास हवे आणि त्याची बाजू ऐकावयास हवी. ज्याच्यापासून इतरांस धोका आहे त्यास तत्काळ बाहेर काढण्याची मुभा त्या न्यायालयाने ठेवली. पण त्याचेही म्हणणे लवकरच ऐकून घ्यावे, असे बजावले. चोरावरही आरोप ठेवल्यावाचून खटला चालत नाही. मग चौदा वर्षांच्या पोराला तेवढाही मान असू नये काय?

गैरहजेरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या दंडाचा रोख मुलास शाळेत आणण्याकडे होता. आज गैरहजर मुलाचे नाव पटावरून कमी करण्यात येते. म्हणजे जो शाळेत येत नाही, त्याला शिक्षा काय, तर शाळेतच येऊ नकोस! बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत टाकून कारखान्याकडे निघतो, तेव्हा त्याचे मूल शाळा बुडवीत नसते. त्याची शाळाच मागे राहिलेली असते. गैरहजेरी लावणाऱ्या लेखणीने, मूल का आले नाही, हेही लिहिले पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आठवीपर्यंतचे संरक्षण बारावीपर्यंत वाढवावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच शालेय शिक्षणाचा विचार वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केला आहे. तोवर राज्य सरकारने निदान इतके करावे: लेखी आरोपावाचून, मुलाचे व पालकांचे म्हणणे ऐकल्यावाचून आणि कारणे नमूद केलेल्या आदेशावाचून कोणासही शाळेतून काढू नये, त्या आदेशाविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागता यावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत मूल वर्गातच बसावे.

पालकांनाही आमचे सांगणे आहे. न केलेल्या विनंतीवर सही करू नका. शाळेचे म्हणणे लेखी मागा. मूल सहा ते चौदा वर्षांचे असेल, तर कायद्याच्या बत्तिसाव्या कलमान्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, उभय पक्षांस ऐकून तीन महिन्यांत तिचा निर्णय व्हावा असा नियम आहे, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपीलही आहे. हुशार मुले कोणत्याही शाळेत शिकतातच. शाळेचे खरे मोल तिने अडखळणाऱ्या किती मुलांना अखेरपर्यंत हाताशी धरले यावर ठरते, आणि त्याचा फलक मात्र कोणत्याही फाटकावर अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही.