फेकायची सांडशी

सांडशी हा आपला घरगुती शब्द संस्कृतातल्या ‘संदंश’वरून आला आहे. सुश्रुतसंहितेत संदंश नावाचं यंत्र आहे, पण ते चुलीवरचं पातेलं उतरवण्यासाठी नाही. अंगात रुतलेलं शल्य ओढून काढण्यासाठी आहे. त्याच ग्रंथात डाग देण्याचं अग्निकर्मही सांगितलं आहे. पकडणं आणि डागणं ही दोन्ही कामं आज एकच हत्यार करतं. तो म्हणजे विजेचा चिमटा. डॉक्टर मंडळी त्याला बायपोलर फोर्सेप्स म्हणतात.

आता वीज लावून माणसाला शॉक कसा बसत नाही, असा प्रश्न वर्गातल्या कुठल्याही मुलाला पडेल. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. या यंत्रातली वीज काही लाख आवर्तनं करते. इतक्या वेगात स्नायू आणि नसा झटका घेत नाहीत, फक्त उष्णता तयार होते. हे द’अर्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1891 च्या सुमारास दाखवलं. पुढे 1 ऑक्टोबर 1926 रोजी बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. दोन टोकांचा चिमटा त्यानंतर आला. त्याच्या दोन्ही पात्यांवर वीजरोधक लेप असतो, फक्त टोकं उघडी असतात. रक्तवाहिनी टोकांत धरली की वीज या टोकातून त्या टोकात जाते आणि वाहणारं रक्त थांबतं.

हा चिमटा दोन तऱ्हांनी बनतो. एक आपल्या लातूरच्या अडकित्त्यासारखा, दणकट, वर्षानुवर्षं टिकणारा. तो दर वेळी धुऊन 121 किंवा 134 अंशांच्या वाफेत निर्जंतुक करायचा. मात्र वाफेने आणि घासण्याने लेप हळूहळू झिजतो. तडा गेला की वीज भलतीकडे जाऊन नको तिथे भाजतं. म्हणून तो सतत तपासावा लागतो. दुसरा एकदाच वापरायचा. त्याची पाती पत्र्यातून कापलेली असू शकतात, मूठ साच्यातल्या प्लास्टिकची, वायर पुष्कळदा त्यालाच जोडलेली. तो कारखान्यातच निर्जंतुक होऊन पाकिटात बंद होतो. पाकिटावर एक खूण असते: वर्तुळात 2 चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ. अर्थ असा की दुसऱ्यांदा वापरू नका.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. औषधांच्या चिठ्ठीत हा डिस्पोजेबल चिमटा होता. वडिलांनी मेडिकलमधून आणून दिला. नंतर मी सहज विचारलं, तो चिमटा कुठे गेला? सिस्टर म्हणाल्या, “बाबा, तो आतच राहतो.” लातूर पॅटर्नच्या कृपेने माझे बरेच विद्यार्थी डॉक्टर आहेत. त्यांतल्या एका सर्जनला फोन केला. तो म्हणाला, “सर, नियमाने तो कचऱ्याच्या पिशवीत जायला हवा. पण काही ठिकाणी धुवून, गॅसमध्ये ठेवून परत वापरतात. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.”

माझा आक्षेप आहे तो या न बोलण्याला.

फेकायचं हत्यार म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही बरं का. इंग्लंडचं उदाहरण पाहा. ‘वेड्या गाईं’शी संबंधित मेंदूच्या आजाराची तिथे भीती होती. त्या आजाराची प्रथिनं नेहमीच्या वाफेने पूर्ण नष्ट होत नाहीत. म्हणून जानेवारी 2001 मध्ये टॉन्सिलसाठी फक्त एकदाच वापरायची हत्यारं वापरावीत असा निर्णय झाला. घाईने माल आला. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होण्याचं प्रमाण वाढल्याच्या तक्रारी आल्या, विजेच्या हत्यारांच्या दर्जावर संशय गेला आणि डिसेंबर 2001 मध्ये निर्णय मागे घेतला गेला. त्यावर ते थांबले नाहीत. सुमारे 34 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा कळलं की दोष केवळ फेकायच्या हत्यारांचा नाही, टॉन्सिल काढताना उष्णता वापरण्याच्या पद्धतीतच रक्तस्रावाचा धोका जास्त आहे. नोंद ठेवली म्हणून कळलं!

कोणी म्हणेल, गुरुजी, त्यांना परवडतं. आपल्या गरीब रुग्णाने काय करायचं? प्रश्न खरा आहे. पण काटकसर उजेडातही करता येते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. इतर सर्जनांना सोबत घेतलं, निष्कर्ष 2003 मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापले. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. ही काटकसर आणि गुपचूप धुतलेला चिमटा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात रुग्णाला आणि जगाला सांगितलेलं असतं, दुसऱ्यात लपवलेलं.

अमेरिकेत 2000 पासून नियम आहे. एकदाच वापरायचं हत्यार कोणी पुन्हा तयार केलं, तर मूळ कारखानदाराची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. मला हे पटतं. ज्याने धुतलं, त्याने सही करावी.

आणि एक सुचवावंसं वाटतं. नांदेडला विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. दोघांनी मिळून एक चिमटा बनवावा. सहज उघडून धुता येईल, लेपाला तडा गेला तर लगेच दिसेल आणि किती वेळा वापरायचा ते त्याच्यावरच कोरलेलं असेल, असा. दहा वेळा तर दहा वेळा, पण चाचणी करून आणि सांगून.

तोवर आपण निदान विचारावं. बिलात ‘डिस्पोजेबल’ लिहिलं असेल तर नवीन पाकीट दाखवा म्हणावं. धुतलेलं असेल तर तसं सांगा आणि पैसे तेवढेच घ्या म्हणावं. डॉक्टरांवर अविश्वास म्हणून नाही. शरीर आपल्या लेकराचं असतं आणि पैसेही आपलेच असतात, म्हणून.