नाटक संपतं, गाणी जातात कुठे?

मंडईचा हंगाम आला की वडशाच्या नाटक कंपन्यांची बुकिंगं सुरू होतात. मग नट कोण, नटी नागपूरची की मुंबईची, लावणीला कोण, यावर पानठेल्यावर वाद रंगतात. ऑर्गनवर कोण बसणार, हे मात्र फार थोडे विचारतात. हे सदर आज त्या माणसासाठी.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. तालमी थोड्या, कलावंत ठिकठिकाणांहून आलेले. संवाद अडला तर नटाला प्रॉम्प्टर असतो. वादकाला कोण सांगणार? नट ओळ विसरला की ती फट ऑर्गनवाल्यानेच भरायची. पहाटे गायिकेचा आवाज बसला की पट्टी उतरवायची, तीही प्रेक्षकांना कळू न देता. पुन्हा दुसऱ्या रात्री दुसरं गाव, कधी दुसरंच नाटक. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या पाच हजारांवर प्रयोगांचं कौतुक झालं. रास्तच झालं. पण त्या प्रयोगांना साथ करणाऱ्यांची यादी कुणी मांडली?

वादकाची नोंद राहिली की काय होतं, याची आता जरा दूरची गोष्ट. नेदरलँड्सच्या ईशान्येला ड्रेन्ते हा शेतीवाडीचा प्रांत आहे आणि त्यात ग्रोलो नावाचं लहानसं खेडं. १९६४च्या सुमारास गायक हॅरी मुस्के आणि गिटारवादक एल्को गेलिंग यांनी ‘क्युबी अँड द ब्लिझर्ड्स’ हा ब्लूज बँड उभा केला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत या पोरांनी तबकड्या ऐकून ऐकून अंगात मुरवलं. १९६७ मध्ये शिकागोच्या पठडीतला पियानोवादक एडी बॉइड त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणाला बसला. त्याच वर्षी त्यांनी चक्क गावाच्या नावाची तबकडी काढली, ‘ग्रोलोहून नमस्कार’ अशा अर्थाची. गेलिंग पुढे १९७६ मध्ये ‘गोल्डन इअरिंग’ या बड्या बँडमध्ये गेला. मुस्के २०११ मध्ये वारला. ग्रोलोतल्या ज्या शेतघरात तो राहायचा तिथे आज बँडचं संग्रहालय आहे, आणि गेलिंगने विशी गाठताना वाजवलेली गिटार आजही कुणालाही ऐकता येते.

हुन्नर आपल्याकडेही होतं आणि आहे. दंडार, खडीगंमत या लोकनाट्यांचा ताल इथल्या मातीतला. चिमूरच्या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने १९४२ साली माणसं उठवली, आणि त्यांच्या भजनांची मंडळं अजून गावोगाव आहेत. पेटी-तबल्याचे पहिले धडे कित्येकांनी तिथेच घेतले. नाटकांचा हंगाम दिवाळी ते होळी. उरलेलं वर्ष धानाची बांधी, भजनं, लग्नसराई. यालाही कारकीर्दच म्हणतात.

ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझरने नाटक बाटवलं, ही तक्रार मला पटत नाही. पायपेटीसुद्धा काही धानोऱ्याच्या जंगलात उगवली नव्हती. संगीत नाटकाने ती आणली आणि आपण आपली केली. वाद्य कुठलंही असो, वाजवणाऱ्याची नोंद राहत नाही, हा खरा प्रश्न आहे. दर हंगामात नवी नाटकं येतात, त्यांच्यासोबत नव्या चाली येतात, आणि नाटक बंद झालं की चाली वहीत पडून राहतात. यूट्यूबवर अख्खी नाटकं सापडतात, पण भोंग्याच्या घरघरीत तबला शोधावा लागतो आणि तबलजीचं नाव तर सापडतच नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्य वेचलं, म्हणून ते शब्द टिकले. सुरांसाठी तसं काम व्हायला हवं.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याने एक साधं काम हाती घ्यावं. हंगाम संपल्यावर, वादक घरी असतात तेव्हा, त्यांना बोलवावं, रीतसर मानधन द्यावं आणि जुन्या नाटकांच्या चाली नीट ध्वनिमुद्रित कराव्यात. नाटकाचं नाव, चाल कुणाची, वाजवलं कुणी, साल कोणतं, एवढं प्रत्येक गाण्यासोबत लिहून ठेवावं. नाटक कंपन्यांनी आपल्या पोस्टरवर वादकांची नावं ठळक छापावीत. त्याला शाईचाच काय तो खर्च.

आणि वाचकहो, तुमच्या घरी नाटकाच्या जुन्या कॅसेटी, गाण्यांच्या वह्या, हँडबिलं पडली असतील. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नका.

— झाडीकर