खोटे कोणाचे, गोळी कोणाची?

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात २८ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी एका २८ वर्षांच्या तरुणाने घराचे दार उघडले. बाहेर पोलिसांच्या गाड्या, डोळे दिपवणारे दिवे आणि वेगवेगळ्या दिशांनी ओरडून दिलेले हुकूम. काय चालले आहे हे त्याला कळण्याआधीच रस्त्यापलीकडून गोळी आली. दोन मुलांचा हा बाप निःशस्त्र होता. तो वाचला नाही.

पोलिस तिथे आले ते एका फोनमुळे. आपण वडिलांच्या डोक्यात गोळी घातली आहे, आई आणि भावाला ओलीस धरले आहे, घरात पेट्रोल ओतले आहे, असे फोनवरचा माणूस सांगत होता. प्रत्यक्षात तो होता दूर लॉस एंजेलिसमध्ये. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडीओ गेममधल्या दीड डॉलरच्या पैजेवरून दोन तरुणांचे वाजले. ओहायोतल्या एकाने विचिटातल्या दुसऱ्याची खोड मोडण्यासाठी या सराईत फोनवाल्याला गाठले. विचिटातल्याने उलट आव्हान दिले आणि पत्ता दिला तो आपण पूर्वी राहत असलेल्या घराचा. मेला तो या तिघांपैकी कोणालाही न ओळखणारा, त्या घरात आता राहणारा माणूस.

खोटा फोन करून एखाद्याच्या दारात सशस्त्र पोलिस उभे करण्याच्या या प्रकाराला तिथे ‘स्वॉटिंग’ म्हणतात. अशा फोनने जीव गेला, तर जबाबदार कोण? न्यायालयांनी अर्धे उत्तर दिले आणि ते कठोर होते. फोन करणाऱ्याने ५१ आरोप कबूल केले, त्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. याआधी बॉम्बच्या खोट्या धमकीबद्दल तो तुरुंगात जाऊन आला होता. ओहायोच्या तरुणाला १५ महिने मिळाले. जुना पत्ता देणाराही शिक्षेतून सुटला नाही. कॅन्ससने २०१८ मध्ये अशा जीवघेण्या फोनसाठी कायदाच कडक केला. हे सर्व योग्यच झाले. ज्याने घरात ओलीस असल्याची थाप मारली, त्याला पोलिस बंदुका घेऊन जाणार हे ठाऊक होते. तोच त्याचा हेतू होता. ‘मी फक्त फोन केला’ ही सबब त्याला मिळता कामा नये.

उरलेले अर्धे उत्तर मात्र कोणी दिले नाही. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरायचा नाही, असा निर्णय जिल्हा सरकारी वकील मार्क बेनेट यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केला. त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतूनच कृती तोलायची, मागाहूनच्या शहाणपणाने नव्हे, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घालून दिलेला निकष आहे. विचिटातल्या अधिकाऱ्याला वाटले की समोरच्याचा हात शस्त्राकडे चालला आहे. त्याला तसे का वाटले? कारण घरात गोळी झाडलेला मारेकरी आहे, असे फोनवर सांगितले होते. म्हणजे फोनवाल्याचे खोटे हाच अधिकाऱ्याच्या बचावाचा आधार ठरला.

त्या संध्याकाळचा तपशील जवळून पाहिला की हा आधार डळमळतो. फोन थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर आला नव्हता, तो आला नगरपालिकेच्या इमारतीत. फोनवाल्याने घर एकमजली असल्याचे सांगितले, पोलिसांसमोरचे घर दुमजली होते. आणि गोळी सुटून गेल्यावरही फोनवरचा ‘मारेकरी’ आपण घरातच आहोत असे सांगत बोलतच होता. शंका घ्यायला जागा होती, पण ती शंका ट्रिगरवरच्या बोटापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नव्हती. हा एकट्या अधिकाऱ्याचा दोष नाही आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

दिवाणी दाव्यात अपील न्यायालयाने २०२२ मध्ये त्या अधिकाऱ्याला पदामुळे मिळणारे संरक्षण नाकारले, पण शहर प्रशासनाला मात्र दाव्यातून मोकळे केले. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. ही रक्कम गेली सार्वजनिक तिजोरीतून, म्हणजे नागरिकांच्याच खिशातून. चूक यंत्रणेची, भुर्दंड करदात्याचा आणि कबुली कोणाचीच नाही, याला न्याय म्हणत नाहीत.

यावर पोलिसांची बाजू अशी, की फोन खरा असता तर? दोन मिनिटांच्या शहानिशेत ओलिसांचा जीव गेला असता तर? हा प्रश्न रास्त आहे. पोलिसांनी धाव घेतलीच पाहिजे. पण धावून जाणे आणि गोळी झाडणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. फोन पहिल्याला पुरेसा आहे, दुसऱ्याला नाही. दुसऱ्यासाठी डोळ्यांना दिसलेला धोका हवा.

शिवाय ‘आम्हाला कसे कळणार’ हे उत्तर २०१७ मध्ये थोडेफार चालले असेल, आज चालणार नाही. कॅलिफोर्नियातल्या एका किशोराने देशभर ३७५ हून अधिक असे फोन केल्याचे उघड झाले आणि २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. खोटे फोन इतके नित्याचे झाल्यावर त्यांची शक्यता गृहीत धरणे हाच शहाण्या अधिकाऱ्याचा धर्म ठरतो. सिएटल पोलिसांनी २०१८ मध्ये, असा फोन येण्याची भीती असलेल्यांना आपला पत्ता आधीच नोंदवण्याची सोय केली. उपाय साधा आहे. इच्छा असली की मार्ग निघतो.

हेही मान्य करायला हवे की प्रत्येक मृत्यू पोलिसांच्या माथी मारता येत नाही. टेनेसीत एप्रिल २०२० मध्ये ट्विटरवरील एका हव्याहव्याशा नावासाठी साठीच्या एका गृहस्थाच्या घरी असेच पोलिस पाठवले गेले. गोळी सुटली नाही, पण दारातल्या बंदुका पाहून त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. तिथे मुख्य गुन्हा फोन करवणाऱ्यांचा. त्यातल्या एकाला पाच वर्षांची शिक्षा झाली, ब्रिटनमधला अल्पवयीन साथीदार अमेरिकी न्यायालयाच्या हाती लागलाच नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना ठेचून मारले. तेव्हा ‘मेसेज खोटा होता, आम्ही फसलो’ ही सबब कोणी मान्य केली नाही आणि करूही नये. जी सबब आपण बिथरलेल्या जमावाला नाकारतो, ती प्रशिक्षित, पगारी आणि शस्त्रधारी यंत्रणेला कशी द्यायची? आपल्या कायद्यातही उणीव आहे. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास देण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ मध्ये फार तर एक वर्षाची कैद आहे. त्या खोट्याने जीव गेला तर काय, याचे नेमके उत्तर संहितेत असायला हवे.

जबाबदारी म्हणजे वाटून कमी होणारी इस्टेट नव्हे. फोनवाल्याचा गुन्हा पूर्ण त्याचा, गोळीची जबाबदारी पूर्ण गोळी झाडणाऱ्याची आणि शंका वाटेतच हरवली याची जबाबदारी पूर्ण वरिष्ठांची. म्हणून अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी त्याच पोलिस दलाबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेने करावी. फोन घेणाऱ्याला आलेली शंका घटनास्थळी पोहोचवणे सक्तीचे असावे, तिथे हुकूम एकानेच द्यावा आणि भरपाई देताना चूक नेमकी कोणाची हे लेखी जाहीर करावे. खोटे बोलणाऱ्याला २० वर्षे देणारे राज्य स्वतःच्या चुकीला नाव देत नसेल, तर त्याने निम्माच न्याय केला आहे. उरलेला निम्मा मागण्याचा हक्क त्या दोन मुलांना आहे.