स्वस्वीकार म्हणजे लाड नव्हे

आपल्या गुणदोषांसह, रंगरूपासह आणि वाट्याला आलेल्या यशापयशासह स्वतःला माणूस म्हणून मान्य करणे, म्हणजे स्वस्वीकार. किशोरवयीन मुलांना तो शिकवावा असे म्हटले की पालक-शिक्षकांच्या बैठकीत तीन आक्षेप हमखास निघतात. स्वतःला आहे तसे मान्य करणारे मूल आळशी होते, हा पहिला. टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय मुले घट्ट होत नाहीत, हा दुसरा. मुलगा-मुलगी हा विषय वर्गात काढला की डोक्यात पाश्चात्त्य खूळ शिरते, हा तिसरा. तिन्ही आक्षेप काळजीपोटी घेतले जातात, म्हणून ते झटकून टाकता येत नाहीत. पण तिन्ही चुकीचे आहेत.

पहिल्या आक्षेपाचे मूळ एका गल्लतीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. माणसाच्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, अख्ख्या माणसाचे करू नये, हा तिचा गाभा. सराव परीक्षेत गणितात पस्तीसच्या आत गुण मिळालेली दोन मुले घ्यावीत. ‘माझा भूमितीचा पेपर वाईट गेला’ असे म्हणणारे मूल कोणते प्रमेय जमले नाही ते शोधू शकते. ‘मी नालायकच आहे’ असे ठरवलेल्या मुलाला दुरुस्त करण्याजोगे काही उरतच नाही. ते उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी कोंबते आणि सहीची वेळ आली की पोटात दुखते म्हणून शाळा बुडवते. आळस दिसतो तो या दुसऱ्या मुलात, आणि तोही खरे म्हणजे भीतीचा असतो.

उठताबसता शाबासकी देऊन आत्मप्रतिष्ठा वाढवण्याचा मार्गही एलिस यांना मान्य नव्हता, हे इथे सांगायला हवे. ‘तू हुशार आहेस’ या वाक्यावर उभे राहिलेले मूल पहिल्या अपयशाबरोबर कोसळते, कारण त्याची किंमत अजूनही गुणांवरच ठरलेली असते. स्वस्वीकार मागतो ते कौतुकापेक्षा अवघड आहे: चूक चूकच म्हणायची, आणि तरीही मुलाची माणूस म्हणून किंमत पणाला लावायची नाही.

दुसऱ्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. अडचणींशिवाय चिवटपणा येत नाही, हे खरे. सामना हरू द्यावा, निवडणुकीत पडू द्यावे, मित्राशी झालेले भांडण स्वतः मिटवू द्यावे. पण अडचण वेगळी आणि अपमान वेगळा. नापास होण्याने मूल काही शिकू शकते; पाहुण्यांसमोर झालेल्या पाणउताऱ्याने ते फक्त लपायला शिकते. हवाई बेटांतील कवाई येथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील बेबनाव, आईवडिलांचे आजार असे अनेक धोके एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वासू आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचे एक तरी मोठे माणूस: कधी आजी, कधी मावशी, कधी शिक्षिका. कठोर वागवल्याने ही मुले टिकली, असे त्या अभ्यासातून निघत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा. तो खोडायला पश्चिमेकडे जावेच लागत नाही. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 ची. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हा आग्रह आगरकरांनी एकोणिसाव्या शतकातच धरला. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या आणि पुरुषानेही पुरुषाला ‘माउली’ अशी हाक मारणाऱ्या वारकऱ्यांच्या प्रांतात कोवळेपणा हा पुरुषाला परका ठरावा, हेच नवल.

तरीही ‘पोरीसारखा काय रडतोस’, ‘बांगड्या भर’, ‘बायल्या’ हे शब्द शाळेच्या मैदानात रोज ऐकू येतात. मुलगा त्यातून एकच धडा घेतो: दुखले तरी सांगायचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात आत्महत्या केलेल्या दर दहा व्यक्तींपैकी सुमारे सात पुरुष आहेत. कारणे अनेक असतात. मदत मागण्याची लाज हे त्यांतले एक. अठरा वर्षांखाली मात्र मुलींची संख्या मुलांहून जास्त आहे. म्हणजे ‘मुलगा असा, मुलगी तशी’ या साच्यात एकाचे सुख आणि दुसऱ्याचे दुःख अशी वाटणीही नाही.

वर्गात मुलगा-मुलगी या विषयावर बोलायचे म्हणजे काय, तेही पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या महापालिका शाळांत 2008 पासून सहावी-सातवीसाठी स्त्रीपुरुष समानतेचा एक कार्यक्रम राबवला गेला; त्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ‘कोरो’ ही स्वयंसेवी संस्था सहभागी होत्या. अशा वर्गांतला नेहमीचा एक उपक्रम साधा आहे. मुलगा आणि मुलगी दोघांनी उठल्यापासून झोपेपर्यंतची आपापली कामे वहीत लिहायची. मुलीच्या पानावर पाणी भरणे, भांडी, धाकट्याला आंघोळ, संध्याकाळची भाजी निवडणे अशी रांग लागते; मुलाच्या पानावर खेळाला दोन तास सापडतात. पाने शेजारी ठेवली की शिक्षकाला वेगळे भाषण करावे लागत नाही. यात खूळ शिरण्यासारखे काय आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

राहतात ती मुले, ज्यांची लिंगओळख किंवा ओढ बहुसंख्यांहून वेगळी आहे. समलैंगिकता हा आजार नाही; जागतिक आरोग्य संघटनेने ती 1990 मध्ये आजारांच्या यादीतून काढली. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नालसा’ निकालात मान्य केला, तर प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध 2018 मध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले. म्हणून मुलाला ‘बरे’ करणारा डॉक्टर किंवा बाबा शोधत फिरणे ही क्रूरताच आहे. चौदाव्या वर्षी त्याच्यावर घाईने शिक्का मारण्याचेही कारण नाही. त्याला वेळ द्यावा, विचारेल त्याचे खरे उत्तर द्यावे आणि त्याने विश्वासाने सांगितलेले नातेवाइकांत पसरवू नये. घरात बोलणे अशक्यच असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य साहाय्यवाणीच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येते.