थकवा, डोकेदुखी आणि रोजची गोळी

प्रश्न : मी ३८ वर्षांची गृहिणी आहे. सहा महिन्यांपासून डोके दुखते, पोट फुगते, दुपारपर्यंत अगदी गळून जाते. पाळीत रक्तस्राव फार होतो. डोकेदुखीची गोळी जवळजवळ रोज घेते. घरचे म्हणतात, बायकांचे हे चालायचेच. काय करू?
— एक वाचक भगिनी, निशातगंज, लखनौ

उत्तर : चालायचेच म्हणून अंगावर काढू नका. अति रक्तस्राव आणि थकवा एकत्र असला, की पहिली शंका रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी आहे का, ते पाहा. थायरॉईडही तपासा, त्याच्या कमतरतेनेही थकवा येतो, रक्तस्राव वाढतो. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस वेदनाशामक घेतले, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. काही गोळ्यांनी पोटही बिघडते. डॉक्टरांना विचारून ती बंद करा. सुरुवातीला डोके जास्त दुखेल, पण धीर सोडू नका. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्तस्रावाबरोबर पोट फुगण्याबद्दलही सांगा. बहुधा त्या सोनोग्राफी करायला सांगतील. एकाएकी असह्य डोके दुखले किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.