बिनसुईची लस येण्याआधी

पोलिओ रविवारच्या सकाळी वराळ्यात जे दिसते ते मावळातल्या कुठल्याही गावात दिसते. निळी पेटी, तिच्यात बर्फाचे पॅक, त्यांच्यामध्ये थेंबांच्या कुप्या, आणि बूथवर आशाताई व अंगणवाडीच्या ताई. गावठाणातले काम लवकर उरकते. खरी पायपीट दुसऱ्या दिवसापासून. तळेगावच्या कारखान्यांमुळे वाढलेल्या भाड्याच्या खोल्या, बांधकामांवरच्या पत्र्याच्या शेड. तिथली कुटुंबे आज इथे, तर पुढच्या महिन्यात चाकणला. ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही असे मूल शोधायचे, आणि ते सापडेपर्यंत पेटीतला बर्फ टिकवायचा.

तोंडावाटे देण्याची पोलिओ लस उष्णतेला फार नाजूक. मोठ्या साठ्यात ती उणे २० अंशांवर ठेवतात. १९९६ पासून तिच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन असतो. ऊब लागेल तसा चौकोन गडद होत जातो आणि त्याचा रंग गोलाइतका झाला की कुपी फेकून द्यायची. घरी लहान भावंड असेल तर पुढच्या वेळी ती कुपी बघायला मागा. मागणे हा अविश्वास नाही.

दुसरी पोलिओ लस टोचायची. ती आपल्या नियमित लसीकरणात नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. जगभर तिचा तुटवडा पडला तेव्हा भारताने २०१६ पासून अर्धा मिलीचा पूर्ण डोस देण्याऐवजी त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.१ मिली, दंडाच्या कातडीच्या थरात द्यायला सुरुवात केली. बाळ ६ आठवड्यांचे असताना एकदा, १४ आठवड्यांचे असताना एकदा, आणि २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसऱ्यांदा. कातडीत रोगप्रतिकाराच्या पेशी दाट असतात, म्हणून थोड्या लसीत काम भागते. पण हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या पातळ कातडीत सुई नेमक्या थरात घालणे हे कसब आहे. जरा खोल गेली तर तो एवढासा डोस जिथे हवा तिथे पडत नाही.

याला एक उत्तर पुण्यात आधीच वापरून झाले आहे. जून २०२३ मध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने जेमकोव्हॅक-ओएम ही कोविडची एमआरएनए लस आणली. त्या जातीच्या आधीच्या लसींना अतिथंड फ्रीजर लागत. ही लस सुकवून भुकटी केलेली, साध्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर राहणारी. आणि ती दिली जाते सुईविना, ट्रॉपिस नावाच्या हातात मावणाऱ्या उपकरणाने. त्यात स्प्रिंग असते, वीज लागत नाही. दाबले की लस बारीक धारेने क्षणात कातडीत शिरते, तीही बरोबर हव्या त्या थरात. त्याआधी २०२१ मध्ये अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी सुद्धा सुईविनाच मंजूर झाली होती आणि तिच्यासाठी सुरुवातीला निवडलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. पोलिओसाठी म्हणाल तर कराचीत २०१९ मध्येच अशा उपकरणाने मुलांना हा छोटा डोस देण्यात आला.

एक शंका रास्त आहे. जुन्या काळी अशा धारेच्या बंदुका होत्या. एकच तोंड शेकडो दंडांना लागे आणि त्यातून कावीळ बी पसरल्याचे अमेरिकेत १९८० च्या दशकात उघड झाले. आजच्या उपकरणात लसीला लागणारा भाग प्रत्येक मुलासाठी नवा असतो.

यापुढची पायरी म्हणजे लसीची चिकटपट्टी. तिच्यावर केसाएवढ्या बारीक, विरघळणाऱ्या टोकांमध्ये सुकवलेली लस असते. गोवर-रुबेलाच्या अशा पट्टीची गांबियातल्या बालकांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आशादायक ठरली. पोलिओची पट्टी अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यात आहे. ती आली तर बर्फाची पेटी हलकी होईल आणि वराळ्याच्या शेडमध्ये संध्याकाळी, आईबाप कामावरून परतल्यावर जाणे सोपे होईल.

मात्र सुई गेली की नकारही जाईल, असे मानणाऱ्यांशी आमचे जमत नाही. सुकवलेली, उष्णता सोसणारी लस बनवायची तर तिला आधार देणारा पदार्थ लागतो. कधी ती साखर असते, कधी जिलेटिन. इथे आपल्या घरातला प्रश्न सुरू होतो. २०१८ मध्ये इंडोनेशियाने गोवर-रुबेलाची मोठी मोहीम काढली. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. डुकरापासून आलेल्या घटकाचा प्रश्न मोहीम सुरू झाल्यावर पेटला. तिथल्या उलेमा परिषदेने ऑगस्टमध्ये निर्णय दिला: घटक हराम, पण पर्याय नाही आणि गरज मोठी, म्हणून लस घेणे जायज. तोवर आचे प्रांतात मोहीम कोसळली होती. त्याच आचेत २०२२ मध्ये सात वर्षांच्या मुलाला पोलिओ झाल्याचे निघाले.

विचारणारे आईबाप मूर्ख नव्हते. उत्तर उशिरा आले, आणि चुकीच्या वेळी आले. खरे तर १९९५ मध्येच कुवेतला उलेमा आणि डॉक्टरांची बैठक झाली होती. मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेला तर तो नापाक राहत नाही, या इस्तिहालाच्या तत्त्वाने तिथे जिलेटिन वापरण्याजोगे ठरवले गेले. सगळे आलिम ते मानत नाहीत, हेही खरे. पण चर्चा शांतपणे, आजाराच्या आधी व्हावी. मोहल्ल्यात व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आवाजी मेसेजमधून ती व्हायला नको.

आपल्या मुंबईत एकदा ती नीट झाली होती. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली तेव्हा लोक टोचणीला भीत होते. खोजा समाजाचे इमाम तिसरे आगाखान, वय जेमतेम विशीचे, सर्वांसमोर लस टोचून घ्यायला पुढे आले, तेही एकदा नाही. पुढे माझगावची खुशरू लॉज ही आपली वास्तू त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिली. समाजातल्या हजारोंनी टोचून घेतले. लस देणारा शास्त्रज्ञ ज्यू, घेणारे मुस्लिम, शहर मुंबई. हा किस्सा शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता.

उत्तर प्रदेशातही पुढे हेच कळले. २००२ मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण निघाले, त्यात मुस्लिम वस्त्यांतली मुले फार. मग अलीगढ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्थांतली माणसे घरोघर उतरली, मशिदींतून आवाहन झाले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण नाही. गाझात मात्र २५ वर्षांनंतर, २०२४ मध्ये, दहा महिन्यांच्या बाळाचा पाय पोलिओने लुळा पडला. बॉम्ब पडत असताना तिथल्या आयांनी मुलांना रांगेत आणले. इथे आपल्याला अंगणवाडीपर्यंत चालत जायचे असते.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. जे उपकरण पुण्यातल्या कंपनीने कोविडसाठी वापरले, ते पोलिओच्या छोट्या डोससाठी स्थलांतरित कामगारांच्या पट्ट्यांत वापरून पाहा; मावळ, चाकण, भिवंडीपासून सुरुवात करा. आणि कुठलीही नवी लस वस्तीत येण्याआधी तिच्यातले घटक मराठी आणि उर्दूत, एका पानावर, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा.

तुमच्याकडे मागणी वेगळी. तळेगाव, देहूरोड, लोणावळ्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांनी पुढच्या फेरीआधी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन आपला मोबाईल नंबर द्यावा. शेडमधल्या कुटुंबांशी हिंदी-उर्दूत बोलणारे कोणी बरोबर असले तर ताईंचे काम निम्मे होते. बायकांशी बोलायला बहिणींनी जावे. जिलेटिनबद्दल कोणी विचारले तर वाद घालू नये, वर लिहिलेले सांगावे, आणि इमामसाहेबांशी आदल्या जुम्म्यालाच बोलून ठेवावे. नवीन पट्टीची वाट बघत आजचे थेंब चुकवू नयेत. ते आजही मोफत आहेत.